दिवेलागणीची खिरापत

वंदना गेल्याची बातमी मला आमच्या गल्लीतून कळली नाही. तिचं घर माझ्या घरापासून तीन दारं सोडून, तरी बातमी आली ती पार संग्रामपुराहून. पोळा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून मी वळत होते आणि मोबाईल वाजला. पलीकडे तेजू, वंदनाची मुलगी, आठवीतली. वडिलांच्या फोनवरून बोलत होती आणि तिला धाप लागली होती. "मावशी, आज आईचा डबा वाजला नाही. तू जाऊन पाह्य बरं." मी म्हटलं, "अगं, शिवणात गुंतली असेल, होत असेल उशीर." तर म्हणाली, "नाही मावशी. तिनं हातात घेतला होता... मग वाजलाच नाही." मी चपलाही न घालता गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. वंदना रोजच्या जागी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर तो स्टीलचा डबा, दोन्ही हात डब्यावर. मशीनखाली अर्धवट ब्लाऊज तसाच अडकलेला. मी "वंदे" म्हणून हाक मारली, खांद्याला हात लावला, आणि मग मलाच खाली बसावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी थांबलं, त्रास झाला नसेल. ते मी ऐकून घेतलं. पण आमच्या गल्लीत कुणाला काही कळायच्या आत मधला अख्खा जिल्हा ओलांडून एका पोरीला ते कळलं होतं. आता महिना होत आला, याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर भरवसा ठेवणारी बाई नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म पोरांना शिकवण्यात गेला. अंगात येणाऱ्या एका बाईला मी भर वर्गासमोर "आधी पाणी प्या आणि मग बोला" असं सुनावलेलं आहे, अजून गावात त्याची आठवण काढतात. तेव्हा हे जे लिहिते आहे ते घडलं तसं लिहिते आहे. पटलं तर पटलं.

वंदना माझी चुलत बहीण, माझ्याहून पुष्कळ लहान. आमचं माहेर लोणार तालुक्यातलं बीबी. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते ती कोजागरीपर्यंत. संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की खिरापत. खिरापत म्हणजे त्या घरचा प्रसाद, पण तो असा सुखासुखी हातावर पडत नाही. घरची बाई तो बंद डब्यात घालून आणते, कानाशी खुळखुळ वाजवते, आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. खोबरं वेगळं वाजतं, फुटाणे वेगळे, लाडू तर नुसता धप्प करतो. वंदना यात भारी बदमाश होती. डब्याला आतून फडकं लावायची म्हणजे आवाज फुटू नये, नाहीतर शेंगदाण्यांत एखादा खडा टाकून द्यायची. आम्ही मोठ्या मुली चिडून तिच्या पाठीत धपाटे घालायचो, ती हसत सुटायची. तिचं ते हसू पुढे कमी कमी होत गेलं, पण बंद झालं नाही कधी, हे मात्र खरं.

लग्न होऊन ती संग्रामपूरला गेली. सुरेशराव, म्हणजे तिचे यजमान, तिकडे शेती करत, घर खाऊनपिऊन सुखी. भांडण कशावरून झालं ते मी इथे लिहिणार नाही. दोघांचंही चुकलं असेल, आणि सुरेशराव हयात आहेत. इतकंच सांगते की तेजू पहिलीत होती तेव्हा वंदना तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या काकूच्या, आजारपणाला म्हणून बीबीला आली, आणि काकूचे दिवस उरकून परत गेली तर दार उघडलं नाही. तू तिकडेच राहा, पोरगी इकडे राहील, असं आतून सांगितलं. तेजू खिडकीच्या गजाला धरून उभी होती. वंदना पायरीवर बसून राहिली आणि दुपार टळल्यावर उठून एस.टी.त बसली. माहेरच्या घरात भावाचा संसार मांडलेला, तिथे तिचं मन रमेना. मग मीच तिला जानेफळला आणलं आणि आमच्या गल्लीत दोन खोल्या पाहून दिल्या. तिनं शिलाई मशीन टाकली, शाळेचे गणवेश आणि ब्लाऊज शिवायला लागली. त्या खोल्यांत तेजूचं पाऊल कधी पडलेलं नव्हतं, हे लक्षात असू द्या.

मग कोर्ट. पोरगी माझ्याकडे द्या, असा अर्ज वंदनानं केला. कोर्ट तिकडचं, पोरगी जिथे राहते तिथलं, त्यामुळे वंदनाच्या नशिबी एस.टी.चे हेलपाटे. निकाल लागेपर्यंत कोर्टानं आईची आणि मुलीची भेट ठरवून दिली, शनिवाराआड एक शनिवार, आवारातल्या एका खोलीत, दुपारी थोडा वेळ. फोन करायची सोय नव्हती, केला तर पलीकडून उचलत नसत. पहिल्याच भेटीत तेजू रडून रडून बेजार झाली, निघताना आईचा पदर सोडेना. तेव्हा वंदनानं तिला सांगितलं, "हे पाह्य, म्या रोज दिवेलागणीले खिरापतीचा डबा हालवीन. तू तिकडून ओळखत जा. मंग भेटलो की मले सांगजो." रडणाऱ्या पोराला काहीतरी सांगून गप्प करतात, त्यातलंच हे. निदान मला तरी तसंच वाटलं.

पण वंदनानं ते पाळलं. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती भिंतीला टेकून बसायची, डब्यात काहीबाही घालायची, कानाशी हालवायची आणि विचारायची, "ओळख बरं तेजू, काय हाये?" मग गप्प बसायची. मी बरेचदा दारात उभी राहून पाहिलेलं आहे. ते गप्प बसणं मला आवडायचं नाही. माणूस एकटाच गप्प असतो तसं ते नव्हतं, फोनवर समोरच्याचं बोलणं ऐकताना आपण गप्प राहतो, तसं होतं. मग ती मान हलवायची, "हाव, बराबर," म्हणायची, झाकण उघडून निम्मी खिरापत स्वतः खायची आणि निम्मी एका वाटीत काढून ठेवायची. एकदा मी रागावले. म्हटलं, "वंदे, हे काय खूळ लावून घेतलंस? माणसं काय म्हणतील?" तर म्हणाली, "ताई, भुलाबाईची खिरापत महिनाभर असते, माही बारमाही हाये, इतकाच फरक." आणि हसली.

भेटीच्या एका शनिवारी मी तिच्यासोबत गेले. तेजू आली, आईच्या मांडीवर बसली आणि दुसरं काहीएक न बोलता सांगायला लागली. सोमवारी फुटाणे होते. मंगळवारी गूळ, पण थोडाच. बुधवारी तू उशीर केला, बोरं होती, एक किडकं होतं. अशी ती बोटांवर मोजत सांगत गेली आणि वंदना नुसती मान डोलवत राहिली, तिच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं. मी परतताना एस.टी.त तिला म्हटलं, हंगामाला जे निघतं तेच तू घालतेस, पोरीला अंदाज येणारच, शिवाय लेकराचं मन राखायला तू कशालाही बरोबर म्हणणार. ती खिडकीबाहेर पाहत होती. "असंन," म्हणाली. तो "असंन" मला लागला. मी पक्की मास्तरीण, पुढच्याच आठवड्यात तिच्या घरी गेले, ती मागे कपडे वाळत घालत होती तेवढ्यात डबा रिकामा करून त्यात शाळेतला खडू टाकला आणि तिला म्हटलं, आज डबा मी हालवते, तू उघडून पाहू नकोस. तिनं ऐकलं. मी हालवला, "ओळख तेजू" असंही म्हटलं, म्हणताना स्वतःचीच लाज वाटली. खडू मी गुपचूप काढून घेतला आणि कोणाला सांगितलं नाही. पुढच्या भेटीच्या शनिवारी पुन्हा मुद्दाम सोबत गेले. तेजू नेहमीसारखी सांगत सांगत त्या दिवसावर आली आणि थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मावशी, खडू काय खायाचा असते? अन् तू लय जोरात हालवतं. आई हळू हालवते." त्या खोलीत पंखा चालू होता, बाहेर वकिलांची ये-जा होती, लख्ख दुपार होती. घरी येऊन मी आंघोळ केली, कशासाठी केली ते मलाच ठाऊक नाही.

यानंतर घडलं ते आठवलं की अजून जीव तुटतो. अर्जाचा निकाल द्यायच्या आधी कोर्टानं एका बाईंना वंदनाचं घर पाहायला पाठवलं. शांत, नीटनेटक्या बाई होत्या. मी नेमकी त्या दिवशी मेहकरला गेलेले. गल्लीतल्या बायकांना वाटलं, आपण वंदनाच्या बाजूनं चार शब्द चांगले बोलावे. वंदनाच्या भिंतीला भिंत लागून गोदाकाकूंचं घर. काकू मनानं लोणी, आणि वंदनावर पोटच्या पोरीसारखी माया. त्यांनी त्या बाईंना हाताला धरून आत नेलं, चहा पाजला आणि सांगितलं, "मॅडम, तुमी काई काळजीच करू नका. लेकरू इथं रुळलेलंच हाये. रोज सांजच्याला माय-लेकी खेळतात, माह्या भिंतीतून लेकराचं हासणं आयकू येते." बाकीच्या बायकांनीही हो ला हो मिळवलं. एकीनं तर त्या वाटीतली निम्मी खिरापत नेऊन दाखवली, हे पाहा तेजूचं, रोज काढून ठेवते बिचारी. आपल्याकडे असंच चालतं. घर मायेनं भरलेलं आहे हे सांगायचं असलं की आपण असंच सांगतो, त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. त्या बाईंनी ते जसंच्या तसं लिहून नेलं. त्यांना मी दोष देत नाही, जे ऐकलं ते त्यांनी लिहिलं. पुढच्या तारखेला सुरेशरावांच्या वकिलांनी ते उभं राहून वाचलं. जी मुलगी त्या गावात कधी गेलेली नाही, तिचा आवाज जिथे रोज येतो, अशा घरात लेकराला पाठवायचं का, असा त्यांचा सवाल. कोर्टानं अर्ज फेटाळला, भेटी तेवढ्या चालू राहिल्या.

गोदाकाकूंनी दोन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. वंदना स्वतः भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेली, त्यांना भरवली. मी मात्र काकूंना जाऊन विचारलं, खरं सांगा, हसणं ऐकू येतं का? त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मी काऊन खोटं बोलू व माय? तुले नाई येत?" मला नाही ऐकू यायचं. कधीच नाही आलं.

वंदना खचली नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. त्या वर्षी तिचे केस कपाळावर पांढरे झाले, जेवण अर्ध्यावर आलं. पण तेजूला कळण्याइतपत वय होऊ दे, मग पुन्हा अर्ज करू, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. तोवर शनिवार धरून एस.टी., आणि संध्याकाळी डबा. दर वर्षी ती तेजूसाठी एक ड्रेस शिवायची, माप न घेता, आणि तो अंगाला बेतल्यासारखा बसायचा. गेल्या वर्षी तिनं दुसऱ्यांदा अर्ज केला. आता पोरगी मोठी झाली आहे, साहेब तिलाच एकटीला आत बोलावून विचारतील, तुला कुठे राहायचं आहे म्हणून, असं वकिलांनी सांगितलं. ती तारीख पोळ्यानंतरची होती. वंदनानं आतल्या खोलीला पडदे शिवले, पलंगाला रंग दिला. मला म्हणाली, "ताई, येऊन राह्यली आता तेजू. मले धाकधूक होऊन राह्यली, इथं तिले आवडंन ना?" मी म्हटलं, आवडेल गं. इतकं साधं बोलणं झालं, आणि तेच शेवटचं.

वंदना गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेशराव तेजूला घेऊन आले. वंदनाला अंगणात न्यायचं बाकी होतं, घर बायकांनी भरलेलं. तेजू दारातून आत आली. आत शिरताच उजव्या हाताला एक फरशी हलते, त्या घरात नवा माणूस आला की हमखास ठेचकाळतो, त्या दिवशीही येणारा प्रत्येक जण अडखळत होता. तेजूनं न पाहता ती ओलांडली. आईपाशी गेली, बराच वेळ तिच्या पायांवर डोकं टेकून राहिली. मग उठली, आतल्या खोलीत गेली, कोपऱ्यातल्या फळीवर मी आदल्या संध्याकाळी ठेवून दिलेला डबा काढून घेतला. कुणाला विचारलं नाही की कुठे आहे. डबा तिनं हालवला नाही. छातीशी धरून म्हणाली, "रिकामा हाये. आईनं अजून ठरवलं नव्हतं." झाकण मी उघडलं. आत काही नव्हतं. तेव्हा ती जी रडली, ते रडणं ऐकून बाहेर उभी असलेली माणसं आत येऊन पाहायला लागली.

सुरेशराव उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं, फरशीसुद्धा. या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण त्या दिवशी त्यांच्याकडे पाहवेना. अंत्यविधी आटोपल्यावर ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. म्हणाले, "ताई, तुमाले सांगतो. आमच्या घरी दिवे लागले का हे पोरगी खेळ सोडे, मागच्या भिंतीले कान लावून बसे. हाक मारली तं म्हने, थांबा ना बाबा, आई इचारून राह्यली. मले भेव लागे. म्हून मी तिले सोडत नव्हतो." पुढे म्हणाले, "कोर्टात मी जिकलो. पन पोरगी माह्या घरी पुरी कधी आलीच नाई." मग त्यांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांना पाणी आणून दिलं.

अर्जाचं आता काही उरलं नाही. अर्ज करणारीच नाही म्हटल्यावर वकिलांनी तसं कोर्टाला कळवून टाकलं. तेजू संग्रामपूरलाच राहते, सुट्टीत माझ्याकडे यायचं सुरेशरावांनी आपणहून कबूल केलं आहे आणि फोनलाही आता आडकाठी नाही. जाताना तिनं मला एकच मागितलं. म्हणाली, "मावशी, तू रोज डबा हालवशील? पण आत काही ठेवू नको." मी म्हटलं, "रिकामा डबा वाजेल कसा, बाई?" म्हणाली, "तू हालव तं खरं." पोरकं लेकरू, त्याला नाही कसं म्हणायचं? घराची किल्ली माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी कुलूप काढायची, दिवा लावायची, वंदनाच्या जागी बसून डबा हालवायची. डबा रिकामा, तो काय वाजणार! थोड्या वेळानं तेजूचा फोन यायचा. "मावशी, काहीच नाही आलं वो." मी म्हणायची, उद्या येईल. रोज हेच. मला त्या फोनची धास्ती वाटायला लागली होती, आणि खरं म्हणजे मला माझ्या वंदीची फार आठवण यायची तिथे बसलं की.

आता गल्लीत भुलाबाई बसली आहे. पोरी गाणी म्हणत फिरतात, वंदनाच्या बंद दारापाशी आल्या की गाणं थांबवतात आणि पुढच्या दारी गेल्यावर पुन्हा धरतात. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या खिरापतीच्या गडबडीत दिवेलागण टळून गेली, वंदनाकडे जायचं माझ्याकडून राहूनच गेलं. पोरी पांगल्या आणि फोन वाजला. मी घाईघाईनं म्हटलं, "तेजू, आज राहिलं गं माझ्याकडून, आत्ता जाते." पलीकडून ती हसली. कितीतरी वर्षांनी मी ते हसू ऐकलं, बीबीतल्या अंगणातलं, पाठीत धपाटा खाल्ल्यावरचं. "राह्यलं कुठं मावशी? वाजला ना. खोबरं हाये. अन् तिनं त्यात खडा टाकला."

किल्ली घेऊन मी गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत दिवा नव्हता, पण गल्लीतला उजेड खिडकीतून येत होता. डबा मी रोज ठेवायची त्या फळीवर नव्हता. भिंतीशी, वंदना बसायची त्या जागी खाली होता, झाकण लावलेला, शेजारी वाटी. मी दारातच उभी राहिले. झाकण उघडून पाहायचं मनात आलं, मी तशीच बाई आहे. पण पुढे गेले नाही. कोर्टानं त्या दोघींना शनिवारचा थोडा वेळ दिला होता, तोही दुसऱ्यांच्या देखत, आणि दोनदा तर मी तिथेसुद्धा बाकड्यावर बसून ऐकत होते. मी कुलूप लावून घरी आले. आता सकाळी जाऊन घर झाडते, पुसते, डब्याला हात लावत नाही. संध्याकाळी तिकडे जात नाही. ती त्या दोघींची वेळ आहे.